शालनच्या म्हशी

टीव्हीवरचा खेळ खेळायला बसायच्या आधी शालन तोंड धुवायची, केस विंचरायची आणि कुंकू नीट करायची. मी एकदा विचारलं, टीव्हीतनं तुला कोण बघणार आहे? ती म्हणाली, "तुमी तरी कुठं बगताय?" सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्याकडं उत्तर नव्हतं असे प्रसंग बरेच आले. त्यातले निम्मे ह्या खेळापायी.

शालन म्हणजे माझी बायको. तिला जाऊन सात महिने झाले. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तरांनी दया केली म्हणून. सगळी हयात कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ मशीनवर गेली. लिहिणं हा माझा धंदा नाही. पण भेटायला येणारे सगळे एकच बोलतात, की ती फार सोशिक होती. ऐकून माझं डोकं फिरतं. सोशिक? माझी अब्रू काढल्याशिवाय तिचा दिवस मावळत नव्हता. म्हणून म्हटलं, खरं काय ते आपणच लिहावं.

तो खेळ घरात मीच आणला. आमची मुलगी मनीषा सातवी पास झाली तेव्हा. करड्या रंगाचा डबा, त्याला वायरनं जोडलेले दोन रिमोट आणि वर खोचायची एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर खेळांचा आकडा लिहिला होता, त्यात एवढे नऊ होते की मी वाचताना दमलो. प्रत्यक्षात सात-आठच खेळ होते, तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. मनीषाला महिनाभरात कंटाळा आला. शालनला पुढची तीस वर्षं आला नाही.

त्यातला एकच खेळ तिचा होता. वरनं बघितल्यासारखं एक गाव, त्यात विटांच्या भिंती आणि बोळ. वरच्या अंगानं रणगाडे यायचे, भिंती फोडत खाली सरकायचे. खाली मधोमध विटांच्या कुंपणात एक चौकोनी ठाणं असायचं. ते राखायचं, रणगाड्यांना गोळ्या घालायच्या, एवढंच. सगळ्या दुनियेनं तो रणगाड्यांचा खेळ म्हणून खेळला. फक्त मंगळवार पेठेत आमच्या घरात त्या म्हशी होत्या.

शालनचं माहेर मलकापूरच्या अंगाला. वडलांकडं अकरा म्हशी. लहानपणी ती रानात माळ्यावर बसायची आणि पिकात शिरणारी जनावरं गोफणीनं हुसकायची. चार लाकडांवर उभारलेल्या त्या माळ्यावरनं तिनं सगळं बालपण म्हशी वरनंच बघितल्या. त्यामुळं टीव्हीवर ते रणगाडे दिसले तेव्हा तिला काही शंकाच आली नाही. मधलं फुगलेलं अंग म्हणजे पोट, पुढं आलेली नळी म्हणजे मान आणि मुंडकं. खालचं ठाणं म्हणजे तुळशीवृंदावन. मोकाट म्हशी कुंपण मोडून तुळस खायला येतात आणि आपण गोफणीनं खडे मारून त्यांना परत पाठवायचं. खडा लागला की म्हैस नाहीशी व्हायची, म्हणजे ती आपल्या गोठ्यात गेली.

मी पहिल्याच दिवशी सांगितलं की अगं, ते रणगाडे आहेत.

"वरनं बगितल्यावर म्हस अशीच दिसत्या," ती म्हणाली. "तुमी कदी माळ्यावर चडलाय?"

मी चढलो नव्हतो. पण कारखान्यात माझ्या हाताखाली चारजण होते, तिथं माझं कोणी खोडत नव्हतं. म्हणून मी कागदावर रणगाडा काढून दाखवला. तिनं कागद उलटा-सुलटा केला आणि ही जाफराबादी म्हस दिसतीया म्हणाली. शेवटी मी निकालासाठी समोरच्या कांबळे सिस्टरांना बोलावलं. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. शिकलेल्या, सरळ बोलणाऱ्या. त्यांनी चष्मा पुसला, टीव्हीपुढं वाकून बराच वेळ बघितलं.

"दाजी, म्हशीच हायत की ह्या," त्या म्हणाल्या. "आणि आमच्यात तुळस नसली तरी ताईची तुळस राखायला मी येतो. दुसरा रिमोट कुठाय?"

झालं. दुसरा रिमोट तोवर माझ्याकडं होता. पण मी दोनदा आपल्याच हातानं तुळशीचं कुंपण फोडलं होतं आणि एकदा पडद्यावरच्या शालनलाच खडा घातला होता. त्या दिवशी रिमोट माझ्या हातातनं गेला आणि चहाचं पातेलं हातात आलं. दुपारी दोन ते साडेतीन ह्या दोघी म्हशी हाकणार आणि सुट्टीच्या दिवशी मी चहा करणार, अशी पद्धत पडली. चहा मला पन्नाशीच्या आसपास जमायला लागला.

म्हशींना तिनं नावं दिली होती. हळू चालते ती म्हातारी. सुसाट येते ती पळती. लाल लुकलुकते ती पाडव्याची, कारण दिवाळीत आमच्याकडं म्हशी रंगवून, सजवून रस्त्यानं पळवतात. एक जाड म्हैस होती, तिला चार खडे बसल्याशिवाय ती हलायची नाही. तिचं नाव 'मिस्त्री'. पेठेत मिस्त्री मलाच म्हणतात. मी विचारलं, माझं नाव तिला कशाला? सिस्टर खाली बघून हसायला लागल्या. शालन म्हणाली, "चार डाव सांगितल्याबिगर तुमास्नी तरी काय कळतंय?"

कॅसेट चालली नाही की पोरं त्यात फुंकर मारायची. शालननं ते कधी करू दिलं नाही. फुंकलं की उष्टं होतं म्हणायची. ती कॅसेट पदरानं पुसायची आणि सुपानं वारा घालायची, निखाऱ्याला घालतात तसा. मी हसायचो. पण लेथवर हयात काढलेला माणूस मी, तोंडाच्या वाफेनं आतल्या तांब्याच्या पट्ट्यांचं काय होतं हे मला कळायला हवं होतं. पेठेतल्या सगळ्यांच्या कॅसेटी गंजून गेल्या. आमची तीस वर्षं चालली.

वर्षभरापूर्वी शालनला लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला. पाय सुधारला, तोंड तर पहिल्या आठवड्यातच सुधारलं, पण हात पडूनच राहिला. सिस्टर आता निवृत्त, तरी रोज यायच्या. त्यांनी मऊ चेंडू आणला आणि दाबायला सांगितलं. शालन म्हणाली, हे काय चेंडू खेळायचं वय आहे का माझं? तिनं तो खिडकीत ठेवून दिला. सिस्टरनी मला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं. हात हलता ठेवला तर थोडा तरी परत येईल. विशेषतः अंगठा. अंगठा आला तर घास घेता येतो, नाडी बांधता येते, बाईमाणूस स्वतःचं स्वतः करू शकतं. नाही हलवला तर कायमचा आकसेल. आणि ती हलवणार असेल तर एकाच गोष्टीसाठी हलवेल.

म्हणजे म्हशी.

रिमोटची बटणं बारीक, तिच्या बोटांना ती सापडेनात. मी म्हटलं, एवढंच ना, हे तर माझं काम. जुन्या कारखान्यात गेलो, सुट्टीच्या दिवशी लेथ मागून घेतला आणि बटणांऐवजी हलवायला, रिमोटला जोडायचा एक झकास दांडा तयार केला. लोखंडाचा. गुळगुळीत, जराही इकडंतिकडं नाही. घरी आणून तिच्या मांडीवर ठेवला.

"ह्येला वडायला बैल आना," ती म्हणाली.

हात गेलेल्या बाईसाठी मी तीन किलोचा दांडा केला होता. का, तर माझ्या हाताला तो हलका लागला. दुसरा केला पितळेचा, तो पहिल्यापेक्षा जड झाला. तिसऱ्या वेळी डोकं चाललं. तिची मूठ आयुष्यभर कशाभोवती वळली? लाटण्याभोवती. मी लाटण्याचं टोक कापलं, आत स्प्रिंग बसवली आणि दाबायचं बटण अंगठ्याखाली येईल असं लावलं. तिनं ते डाव्या हातानं उचलून उजव्यात ठेवलं आणि बोटं आपोआप वळली. मी छाती फुगवून उभा. तेवढ्यात ती म्हणाली, "माजं लाटनं कुठाय?"

तीन आठवडे ती रोज खेळली. अंगठा आधी नुसता थरथरायचा, मग अर्धा वाकायला लागला. सिस्टर तो रोज धरून बघायच्या आणि मान डोलवायच्या. मग मी माझी अक्कल चालवली. डब्याचा पॉवरचा अडॅप्टर फार गरम होतोय असं वाटून मी घरातला दुसरा जोडला. पिन बरोबर बसली, म्हणजे बरोबरच असणार. धूर आला. तीस वर्षं तिनं सुपानं वारा घालून जपलेली वस्तू मी एका दुपारी जाळली. तिनं दांडा डाव्या हातानं उचलून खिडकीत चेंडूशेजारी ठेवला. मी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन उभा राहिलो आणि तसाच परत आलो.

पुण्याला मनीषाला फोन केला. ती म्हणाली, आबा, काळजी करू नका, तोच खेळ आता नवा करून काढलाय. नवीन चित्रं, नवीन आवाज, आत सगळं जुनंच. रविवारी ती मशीन घेऊन आली, मोठ्या सपाट टीव्हीला जोडलं, आम्ही पाठवलेला लाटण्याचा दांडाही तिनं कोणाकडनं तरी त्याला जोडून आणला होता. शालननं केस विंचरून घेतले. सिस्टर आल्या. मी चहा ठेवला.

खेळ सुरू झाला.

चित्र इतकं स्वच्छ होतं की विटेवरचा चुना दिसत होता. आणि बोळातनं येत होते ते रणगाडे होते. शंकेला जागाच नव्हती. साखळीचे पट्टे, नळी, वर झाकण, झाकणातनं डोकं काढून बसलेला शिपाई. तुळशीच्या जागी वाळूच्या पोत्यांचं ठाणं, वर निशाण. तीस वर्षं मी ज्याच्यासाठी भांडलो ते सगळं माझ्या बाजूनं पडद्यावर उभं होतं आणि मला ते मुळीच नको होतं. शालनचा अंगठा सवयीनं दाबला गेला. पहिला रणगाडा पेटला. दोन शिपाई बाहेर पडले, चार पावलं पळाले आणि पडले.

तिनं दांडा मांडीवर ठेवला.

"मानसं हायत ह्यात," ती म्हणाली. मग सिस्टरकडं बघून म्हणाली, "सिस्टर, तीस वर्सं मी मानसं मारत हुतो व्हय?"

सिस्टरनी शेकडो माणसं मरताना बघितली असतील. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मनीषा घाईघाईनं म्हणाली, आई, हा नुसता खेळ आहे, आणि ह्यात आता एक सोय केली आहे. चुकलं तर बटण दाबून मागं जाता येतं. शालननं विचारलं, "पडलेल्या मानसांचंबी?" मनीषा हो म्हणाली. कुठलं बटण ते शालननं विचारून घेतलं आणि डाव्या हातानं दाबून धरलं. जाळ आत ओढला गेला. पडलेले दोघं उठले, उलट्या पावलांनी पळत आले, झाकणातनं आत गेले. रणगाडा मागं मागं सरकत बोळ चढून गेला. पार सुरुवातीचं मोकळं गाव येईपर्यंत तिनं बोट उचललं नाही.

"आता बंद कर," ती म्हणाली.

त्यानंतर ती खेळली नाही. मी तिला सांगितलं की जुन्यात म्हशीच होत्या, मीच मूर्ख होतो. ती म्हणाली, आता कशाला खोटं बोलताय, तुमी पहिल्यापासनं खरं सांगत हुता. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझं बरोबर आहे असं म्हटलं, आणि तेव्हा हे. महिनाभरात अंगठा परत आत वळायला लागला. सिस्टर तो सरळ करताना ती दात खायची.

मग मनीषाचा फोन आला. तिच्या ऑफिसात एक बाई होती, ती म्हणे असले खेळ उघडून आतली चित्रं बदलते. हौसेनं. जगात पुष्कळ लोक करतात. तिला वरनं काढलेले म्हशीचे फोटो पाहिजे होते.

ते काम माझ्याकडं आलं. आमच्या पेठेत दूध कट्टा आहे, तिथं संध्याकाळी म्हशी उभ्या करून समोर धार काढून देतात. कट्ट्याला लागून एका ओळखीच्याची गच्ची. मी फोन घेऊन गच्चीच्या कठड्यावर पोटावर पडलो. सत्तरीच्या पुढचा माणूस. खाली दूध प्यायला आलेले लोक वर बघायला लागले. गवळी ओरडला, "मिस्त्री, खाली या, गाय-म्हस काय पाहिजे ती नीट समोरनं बगा की." मी म्हटलं, मला वरनंच पाहिजे. त्यानं बाकीच्यांकडं बघून डोक्याजवळ बोट फिरवलं. बायको आजारी आहे हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळं कोणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं. चाळीस फोटो काढले. तिसांत माझं बोट आलं. पण दहा चांगले निघाले, आणि कठड्यावर पडल्या पडल्या मला एक कळलं. म्हैस वरनं खरंच तशीच दिसते. पोट, मान, मुंडकं. मी तीस वर्षांत कधी माळ्यावर चढलो नव्हतो.

पंधरा दिवसांनी बदललेला खेळ आला. शिपाई गेले, रणगाडे गेले. तलवारीसारख्या लांब शिंगांच्या काळ्याभोर म्हशी बोळातनं येत होत्या, खाली तुळस होती. शालन पुढं सरकून बसली. सिस्टरनी दांडा तिच्या हातात दिला आणि तिनं पहिला खडा मारला. म्हैस धडाड्कन पेटली. चित्रं बदलली होती, पण आतला जाळ तसाच राहिला होता. शालन माझ्याकडं वळली. "म्हशीला जाळतंय व्हय कोन? तुमास्नी कुनी सांगितलं ह्ये?" सगळा दोष माझा, हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी हो म्हटलं.

पुन्हा फोन. त्या बाईला जाळ काढून म्हैस वळवायची होती, आणि ते चित्र बदलण्यापेक्षा अवघड होतं म्हणे. तिनं ते केलं. ती कोण, कुठली, मला माहीत नाही. मनीषाकरवी मी तिला एवढंच कळवलं की कोल्हापूरला आलात तर चहा माझ्या हातचा.

आता खडा लागला की म्हैस थबकायची, शिंगं हलवायची आणि वळून आल्या वाटेनं जायची. शालन परत दोन वाजता केस विंचरायला लागली. ते डाव्या हातानं, वेडेवाकडे. सिस्टर दुसऱ्या रिमोटवर. पण हा खेळ जुन्यासारखा नव्हता, हेही सांगतो. जुन्यात म्हशींना नावं तिनं दिली होती, कारण दिसत काहीच नव्हतं. इथं सगळं दिसत होतं आणि ती माहेरची नजर लावून बसायची. ही लंगडते, हिचं शिंग मोडलंय, हिला पाणी दाखवलं नाही. खडा मारायच्या आधी तपासणीच चालायची. त्यात वेळ जायचा आणि ती हरायची. जुन्यात ती फार क्वचित हरायची. मनीषानं विचारलं, आई, जुना बरा का हा? ती म्हणाली, "जुन्यात माजं डोळं चांगलं हुतं." आणि मागं जायचं बटण तिनं पुन्हा कधी वापरलं नाही. मी चोरून वापरायचो. तरीसुद्धा हरायचो.

तिसऱ्या आठवड्यात अंगठा पुन्हा हलायला लागला, पण सिस्टर मान डोलवत नव्हत्या. एक दिवस हलायचा, दोन दिवस नाही. तो येतोय की जातोय हे मला कळेना. मी खेळ बघायचं सोडून तिच्या अंगठ्याकडंच बघत बसायचो.

ती खेळली तो शेवटचा दिवस मंगळवार. चौथी पायरी चालली होती, तिथवर ती नव्या खेळात कधी पोचली नव्हती. एकच म्हैस उरली होती. ती घालवली की जिंकली. म्हैस मधल्या बोळातनं हळूहळू खाली येत होती, समोर उघडं कुंपण, पडद्यावरची शालन बरोबर समोरासमोर. एक खडा पुरे होता. तिनं मारला नाही. म्हैस आणखी पुढं आली. अंगठा बटणावर तसाच, दगडासारखा. मी पातेलं खाली ठेवलं आणि ओरडलो, "दाब की! दाब, शालन!" सिस्टर खुर्चीतनं उठल्या आणि तिचा हात धरायला पुढं झाल्या. म्हैस तुळशीपाशी पोचली, मान खाली घातली आणि खायला लागली. डाव संपला.

शालननं दांडा मांडीवर ठेवला. उजवा हात उचलून माझ्या नाकासमोर धरला. अंगठा वाकवला, सरळ केला, परत वाकवला, सरळ केला. पुरा. पार तळहाताला टेकेपर्यंत.

"चालतोय त्यो," ती म्हणाली. "गाभन हुती ती. मीच सोडली."